छोट्या व्यवसायातली मीटिंग: बोलावण्यापासून अंमलबजावणीपर्यंत

"आपण सगळे दिवसभर एकाच छताखाली असतो, मग वेगळी मीटिंग कशाला?" छोटा व्यवसाय चालवणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात, आणि तो चुकीचा नाही. सहा-आठ माणसांच्या कामात पुष्कळ गोष्टी येता-जाता बोलून होतात आणि व्हायलाही हव्यात. अडचण वेगळीच आहे. येता-जाता झालेलं बोलणं दोघांच्या लक्षात राहतं, तिसऱ्याला ते कळतच नाही आणि चौथा जुन्याच पद्धतीने माल पाठवून मोकळा होतो. मग एक दिवस वैतागून मीटिंग बोलावली जाते. तासभर मालक बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि आठवड्याने पाहावं तर गाडी होती तिथेच.

माझं मत आधीच सांगतो. छोट्या व्यवसायातल्या मीटिंगा वाया जातात त्या मुख्यतः दोन कारणांनी: मालक सगळ्यांच्या आधी बोलतो, आणि काय ठरलं ते शेवटी कुणी लिहून ठेवत नाही. खाली पुष्कळ पायऱ्या दिल्या आहेत. त्या सगळ्या एकदम जमणार नसतील तर निदान या दोन गोष्टींपासून सुरुवात करा.

त्याआधी एक छोटा हिशेब. आठ जणांची दर आठवड्याला एक तासाची मीटिंग म्हणजे वर्षाला ८ × ५२ = ४१६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे ५२ दिवस झाले, म्हणजे एका माणसाचे जवळपास दोन महिने. तेवढ्या पगाराची एखादी वस्तू घ्यायची असती तर आपण चार ठिकाणी भाव विचारले असते. मीटिंगचा भाव मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याचं बिल येत नाही.

पायरी १: मीटिंग हवीच आहे का?

निरोप धाडण्याआधी एक वाक्य कागदावर पूर्ण करा: "मीटिंग संपेल तेव्हा आपलं अमुक अमुक ठरलेलं असेल." 'अमुक' च्या जागी काही लिहिता येत नसेल तर मीटिंग नको. "विक्रीवर चर्चा" हे उत्तर धरायचं नाही. "तीन जुन्या ग्राहकांकडची थकबाकी येईपर्यंत त्यांना उधारीवर माल द्यायचा की नाही" हे उत्तर चालेल.

एवढ्यानेच बरेच विषय गळून पडतात. सुट्टीचा दिवस बदलला, पुरवठादाराचा नंबर बदलला, ही नुसती माहिती आहे. ग्रुपवर मेसेज टाका. प्रश्न दोघांचाच असेल तर दोघांनी बसावं, उरलेल्या सहा जणांना प्रेक्षक करू नये. एखादी गोष्ट एकाच्याच अखत्यारीतली असेल तर त्याला ठरवू द्या आणि ठरल्यावर कळवायला सांगा. आणि कुणाच्या कामात खोट निघाली असेल तर ती चारचौघांत काढू नका. "मी सगळ्यांसाठीच सांगतोय" असं म्हणून एकाला मारलेला टोमणा कुणाला आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, आणि पुढचा महिनाभर कुणी तोंड उघडत नाही.

मीटिंग खरोखर लागते ती माहिती वेगवेगळ्या डोक्यांत विखुरलेली असते आणि निर्णय एकच घ्यायचा असतो तेव्हा. समजा, नेहमीच्या दुप्पट ऑर्डर आली आहे. ग्राहक पैसे वेळेवर देतो का हे विक्री पाहणाऱ्याला माहीत. कच्चा माल किती शिल्लक आहे हे गोदाम पाहणाऱ्याला माहीत. दोन पाळ्यांत काम केलं तर कोणतं यंत्र आधी कुरकुरेल हे फक्त त्यावर काम करणाऱ्याला माहीत. पुढच्या महिन्याचे पगार आणि हप्ते भागतील का हे हिशेबनिसाला माहीत. हे चौघं वीस मिनिटं एकत्र बसले तर जे कळेल, ते चौघांशी वेगवेगळं बोलून दोन दिवसांतही कळणार नाही, कारण एकाच्या उत्तरातून दुसऱ्याचा प्रश्न निघतो.

पायरी २: प्रकार एकमेकांत मिसळू नका

रोजची उजळणी, आठवड्याचे निर्णय, महिन्याचे आकडे आणि मोठ्या बेताचा विचार हे सगळं एकाच बैठकीत कोंबलं की दीड तास जातो आणि प्रत्येकाला वाटतं की आपला विषय राहिलाच.

रोजची भेट उभ्याउभ्या, दहा मिनिटांत उरकायची. आज काय जायचं आहे, कुठे अडलंय, कुणाला कुणाची मदत हवी, बस. अडलेलं तिथे सोडवायला बसू नका. ज्यांचा प्रश्न आहे ते नंतर थांबतील. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात स्क्रम पद्धतीने काम करणाऱ्यांनी अशा रोजच्या भेटीला १५ मिनिटांची मर्यादा घातली आहे. ते सोयीचं आहे, पण पाच-सहा जणांना तेवढीही लागू नयेत. आणि सगळे एकाच टेबलाशी बसून काम करत असतील तर ही भेट मुळात नकोच.

आठवड्याची मीटिंग हीच खरी. ती ४५ मिनिटांची ठेवा आणि तिचा साचा ठरवून टाका. पहिली ५ मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या कामांना. पुढची १० मिनिटं आकड्यांना: नव्या ऑर्डर किती, उशिरा गेलेल्या किती, येणं किती, देणं किती, तक्रारी किती. त्यानंतरची २५ मिनिटं एका किंवा फार तर दोन प्रश्नांना. शेवटची ५ मिनिटं ठरलेलं वाचून दाखवायला. वार आणि वेळ पक्की हवी. दर आठवड्याला "या वेळी कधी बसायचं" यावर फोनाफोनी होत असेल तर ती मीटिंग लवकरच बंद पडते.

महिन्याच्या बैठकीत नफा-तोटा, रोखीची स्थिती आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज पाहायचा. तिला सगळ्यांची गरज नसते. प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं हा वेगळाच प्रकार आहे. पगार, रजा, मनातली नाराजी हे सगळं तिथेच निघतं. ते बंद असेल तर आठवड्याच्या मीटिंगमध्ये भलत्याच विषयावर आवाज चढलेले ऐकू येतील.

पायरी ३: कुणाला बोलवायचं

खोलीतली माणसं वाढली की त्यांच्यातल्या जोड्या फार वेगाने वाढतात. ५ माणसांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, ७ जणांत २१, १० जणांत ४५. प्रत्येक जोडीत एखादा गैरसमज, एखादा जुना हिशेब, एखादा अर्धवट ऐकलेला शब्द असू शकतो. म्हणून निर्णयाच्या मीटिंगला पाच ते सात जण पुरेत.

निवडताना तीन गोष्टी पाहा: हा निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला आहे, त्यासाठीची माहिती कुणाकडे आहे, आणि ठरल्यावर काम कुणाच्या अंगावर पडणार आहे. यांतला तिसरा माणूस हमखास विसरला जातो. डिलिव्हरीच्या वेळा बदलायचं ठरतं आणि डिलिव्हरी करणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कळतं. तो खोलीत असता तर त्याने पहिल्या दोन मिनिटांतच अडचण सांगितली असती.

छोट्या ठिकाणी न बोलावण्याचा प्रश्न नाजूक असतो. ज्याला बोलावलं नाही त्याला वाटतं, आपल्याला डावललं. यावर सगळ्यांना बोलावणं हा उपाय नाही. आधी विषयांची यादी सगळ्यांना दाखवा, कुणाला काही सांगायचं असेल तर आधीच सांगू द्या, आणि नंतर निर्णयांची नोंद सगळ्यांना द्या. माणसाला खुर्चीपेक्षा माहिती हवी असते. व्यवसाय घरचा असेल तर आणखी एक पथ्य: नात्यामुळे कुणी खोलीत बसणार नाही, कामामुळेच बसेल, आणि घरचा विषय निघाला की कुणीही तो तिथल्या तिथे थांबवू शकेल, हे आधीच सगळ्यांशी बोलून ठेवा.

पायरी ४: अजेंडा प्रश्नांच्या रूपात लिहा

"१. वसुली. २. नवीन यंत्र. ३. इतर." असा अजेंडा लिहिणाऱ्यालाही मदत करत नाही. तोच असा लिहून पाहा: "दोन महिन्यांवर गेलेली थकबाकी कुणी आणि कशी मागायची? (१५ मिनिटं)", "जुनं यंत्र दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं, हे ठरवायला आणखी कोणती माहिती लागेल? (१० मिनिटं)". प्रश्न वाचताच माणूस मनात उत्तर शोधू लागतो. शिवाय मुद्दा संपला की नाही हेही कळतं: उत्तर मिळालं म्हणजे संपला. "इतर" हा मुद्दा काढूनच टाका. सगळे पेंगुळलेले असताना त्यातून नवा वाद उगवतो.

प्रत्येक प्रश्नापुढे कंसात लिहा की तो सांगण्यासाठी आहे, मत घेण्यासाठी आहे की ठरवण्यासाठी. अर्धे रुसवे यामुळे टळतात. मत विचारलं होतं, ठरवायला सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं की माणूस दुखावतो.

मुद्द्यांचा क्रम लावताना एक सापळा ओळखून ठेवा. ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचं चित्र रंगवलं. ही समिती १ कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर ४५ मिनिटं वाद घालते. अणुभट्टी कुणालाच कळत नाही. शेडचं छप्पर कशाचं असावं यावर मात्र प्रत्येकाचं मत असतं. तुमच्याकडे हेच पाटीच्या रंगावरून, गणवेशावरून किंवा चहाच्या वेळेवरून होत असेल. इलाज सोपा आहे. महत्त्वाचा प्रश्न पहिला घ्या, किरकोळ प्रश्न एका माणसाला नेमून देऊन टाका, आणि तो जे ठरवेल ते ठरलं असं समजा.

अजेंडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत जायला हवा. तीन-चार ओळींचा मेसेज पुरतो. सोबत आकडे किंवा दरपत्रकं वाचायची असतील तर लोक ती आधी वाचून येतील अशी आशा धरू नका. ॲमेझॉन कंपनीने २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून स्लाइड्स काढून टाकल्या आणि लेखी टिपण सुरुवातीला सगळ्यांनी शांतपणे वाचायचं अशी पद्धत आणली. तिथली टिपणं सहा पानांपर्यंत जातात. आपल्याला एक पान खूप झालं. पाच मिनिटं सगळे वाचतात, मग बोलतात. पहिल्या वेळी ती शांतता अवघड वाटते. दुसऱ्या वेळेपासून कुणाला काही वाटत नाही, आणि "मला तो कागद मिळालाच नाही" ही सबब कायमची संपते.

पायरी ५: सूत्रं मालकाच्या हातात नकोत

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी.

मोठ्या कंपनीत साहेबाच्या वर साहेब असतो. छोट्या व्यवसायात पगार देणारा, रजा मंजूर करणारा आणि शेवटचा शब्द असणारा माणूस एकच असतो, आणि बहुतेक वेळा मीटिंगही तोच चालवतो. त्याने "मला वाटतं आपण नवीन यंत्र घ्यावं, तुमचं काय म्हणणं?" असं विचारलं की प्रश्न तिथेच संपतो. चौघं "हो, घ्यायला हरकत नाही" म्हणतात. पाचव्याला माहीत असतं की जुन्याचा एक भाग बदलला तर ते आणखी दोन वर्षं चालेल. तो गप्प बसतो.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग इथे आठवण्यासारखे आहेत. कोणती रेघ दिलेल्या रेघेइतकी लांब आहे, एवढं सांगायचं होतं. उत्तर डोळ्यांसमोर होतं. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खऱ्या सहभागी व्यक्तींची अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरंही चुकीचीच येत. तिथे तर कुणाची नोकरीही पणाला लागलेली नव्हती.

म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली, मीटिंग चालवायचं काम मालकाकडून काढा आणि आळीपाळीने बाकीच्यांना द्या. चालवणाऱ्याची कामं चारच: वेळेवर सुरू करणं, प्रश्न वाचून दाखवणं, सगळ्यांना बोलतं करणं, वेळ संपत आली की सांगणं. पहिल्या एक-दोन वेळा तो गडबडेल. मालकाने मध्ये पडू नये.

दुसरी, मालकाने सगळ्यांत शेवटी बोलावं. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला फार कठीण आहे. चेहऱ्यावरूनसुद्धा मत कळतं. भुवया उंचावल्या तरी समोरचा वाक्य बदलतो. समोर वही ठेवा आणि इतर बोलत असताना लिहीत राहा. हात गुंतले की जीभ आवरते. सर्वांत नवखा किंवा वयाने लहान माणूस आधी बोलेल असा क्रम ठेवला तर आणखी बरं.

तिसरी, मोठ्या प्रश्नावर बोलण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि मग एकेकाने वाचायचं. लिहून झालेलं मत बदलणं अवघड जातं, त्यामुळे दुसऱ्याच्या होला हो कमी होतं. नव्या कल्पना हव्या असतील तेव्हाही हाच मार्ग चांगला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं की एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने सुचवलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. आधी लिहा, मग बोला.

पायरी ६: मीटिंग चालू असताना

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर संस्थेने शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातल्या सामान्य लोकांसाठी घातपाताची एक पुस्तिका तयार केली. तिच्यात स्फोटकं नव्हेत, तर साध्या माणसाला साध्या मार्गाने कामाचा खोळंबा कसा करता येईल याच्या युक्त्या होत्या. कार्यालयांसाठीच्या सूचना अशा: लांबलचक भाषणं करा, विषयाबाहेरचे मुद्दे पुन्हापुन्हा काढा, शब्दरचनेवर कीस काढा, मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरा, आणि प्रत्येक गोष्ट समितीकडे पाठवा, समिती होईल तितकी मोठी असू द्या. आपल्या मीटिंगमध्ये हे सगळं विनामूल्य आणि सद्‌हेतूने चालतं. ही यादीच चालवणाऱ्याने समोर ठेवावी.

लांबण लावणारा बहुधा वाईट माणूस नसतो. आपलं म्हणणं पोचलं नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो तेच पुन्हा सांगतो. "तुमचा मुद्दा असा आहे ना, की दर वाढवले तर जुने ग्राहक तुटतील? लिहून घेतलं. आता गोदामाकडून ऐकू या." एवढं म्हटलं की बहुतेक जण थांबतात.

विषयाबाहेरचा मुद्दा निघाला की फळ्याच्या एका कोपऱ्यात 'नंतर' असं लिहून त्याखाली तो उतरवा. "हा महत्त्वाचा आहे, पण आजचा नाही." मात्र शेवटी त्या कोपऱ्याकडे पाहायचंच: कुठला पुढच्या आठवड्यात, कुठला दोघांत, कुठला सोडून द्यायचा. हे केलं नाही तर तो कोपरा म्हणजे मुद्दे गाडायची जागा आहे, हे लोक लगेच ओळखतात.

ठरलेलं पुन्हा उकरणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "तेव्हा माहीत नव्हतं असं काही नवीन कळलंय का?" कळलं असेल तर जरूर उघडा. नसेल तर पुढे चला. गप्प बसणाऱ्याला "तुम्ही काहीच बोलला नाहीत" असं अचानक पकडू नका. त्याच्या कामाचा नेमका प्रश्न विचारा: "हे केलं तर तुमच्याकडे पॅकिंगला किती वेळ वाढेल?" याला उत्तर देणं सोपं असतं.

वेळ संपत आली आणि प्रश्न सुटला नाही, तर चालवणाऱ्याने तीन पर्याय समोर ठेवावेत: आजच ठरवायचं आणि दुसरा मुद्दा पुढे ढकलायचा, किंवा दोघांनी माहिती आणून पुढच्या वेळी ठरवायचं, किंवा आजच एकावर सोपवायचं. "अजून दहा मिनिटं बसू" हा पर्याय फक्त सगळ्यांना विचारूनच. उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नका आणि तो आल्यावर सगळं पुन्हा सांगू नका. वेळेवर आलेल्यांची ती शिक्षा ठरते.

फोनचं काय? छोट्या व्यवसायात फोन बंद ठेवा म्हणणं वास्तवाला धरून नाही, ग्राहक खोळंबतो. एकाने सगळ्यांचे फोन घ्यायचे, तातडीचं असेल तरच आत यायचं. ही पाळी दर आठवड्याला बदलत ठेवा.

पायरी ७: ठरवायचं कसं

चर्चा सुरू करण्याआधी सांगा की निर्णय कोण घेणार. सगळ्यांचं ऐकून मालक ठरवणार, ज्याचं काम तो ठरवणार, की हात वर करून ठरणार? तिन्ही पद्धती चालतात. घोळ होतो तो लोकांना आपण मत देतोय असं वाटत असताना मालकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं तेव्हा. तसं ठरवलेलं असेल तर सरळ सांगा: "घ्यायचं हे नक्की आहे, कसं घ्यायचं एवढंच विचारतोय."

कुणी काही बोललं नाही म्हणजे होकार, असं धरू नका. एकेकाला नावाने विचारा: "तुमचा होकार आहे, नकार आहे, की पटलेलं नाही पण करून पाहू?" तिसरं उत्तर पूर्णपणे मान्य आहे. पटलं नसतानाही ठरल्याप्रमाणे काम करणारा माणूस व्यवसायाला हवाच असतो. अट एवढीच की त्याचं न पटणं ऐकून घेतलेलं असावं.

मोठ्या खर्चाच्या किंवा परत फिरता न येणाऱ्या निर्णयाआधी दहा मिनिटांचा एक खेळ खेळा. इंग्रजीत त्याला प्री-मॉर्टेम म्हणतात. सगळ्यांनी असं समजायचं की सहा महिने उलटले आहेत आणि आपला बेत पार फसला आहे. आता प्रत्येकाने लिहायचं: का फसला? "काही धोका आहे का?" असं विचारलं तर लोक संकोचतात, कारण शंका काढणारा नकारात्मक ठरतो. फसलाच आहे असं गृहीत धरलं की शंका काढणं हेच काम होऊन बसतं. नवीन यंत्र आलं, पण ते चालवायला शिकलेला एकमेव माणूस रजेवर गेला. माल दुप्पट निघू लागला, पण ठेवायला जागा नव्हती. अशी उत्तरं मग सहज येतात.

पायरी ८: नोंद

सविस्तर इतिवृत्त लिहू नका. कोण काय म्हणालं याची छोट्या व्यवसायात गरज नसते, आणि लिहिलं तर वाचतं कोण? प्रत्येक निर्णयाच्या चार गोष्टी पुरेत. उदाहरणार्थ:

ठरलं काय: थकबाकी येईपर्यंत त्या तीन ग्राहकांना फक्त रोखीने माल.
कोण करणार: वसुली पाहणारी व्यक्ती (इथे नाव).
कधीपर्यंत: बुधवार, संध्याकाळी ५.
झालं हे कसं कळेल: तिघांशी फोनवर बोलून त्यांची उत्तरं ग्रुपवर टाकलेली असतील.

नाव एकच हवं. "तुम्ही दोघं बघा" म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्यावर भिस्त ठेवतो. मदतीला कितीही जण असोत, विचारायचं कुणाला ते एकच. तारखेच्या रकान्यात "लवकरात लवकर" चालणार नाही, आणि "बघतो", "करून टाकू", "प्रयत्न करतो" हे होकारही चालणार नाहीत. कुणी तसं म्हणालं तर चालवणाऱ्याने हसत विचारावं, "म्हणजे कोणत्या वारी?" आणि तारीख ज्याचं काम त्यानेच सांगावी. वरून लादलेली तारीख पाळायची जबाबदारी कुणालाच आपली वाटत नाही.

नोंद मीटिंग चालू असतानाच लिहा, शेवटच्या पाच मिनिटांत मोठ्याने वाचा, आणि लोक जागेवर पोचायच्या आत ग्रुपवर पाठवा. मोठ्याने वाचताना "अरे, मला वाटलं आपण शुक्रवार म्हणालो" असं कुणीतरी म्हणतंच. ते तिथेच निघालेलं बरं. लिहिणारा आणि चालवणारा शक्यतो वेगळे ठेवा. दोन्ही एकाला झेपत नाही.

पायरी ९: पाठपुरावा

पुढच्या आठवड्याची मीटिंग याच यादीने सुरू होते. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एकच उत्तर: झालं, नाही झालं, अडलंय. झालं असेल तर कहाणी नको. नाही झालं तर नवी तारीख. अडलंय तर कशामुळे आणि कुणाची मदत हवी. "का नाही झालं?" ही उलटतपासणी इथे सुरू केली की पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचं सगळं "झालेलं" असतं, कागदावर.

एकच काम सलग तीन वेळा "नाही झालं" मध्ये आलं तर त्या माणसाला बोल लावू नका, कामाकडे पाहा. ते फार मोठं असेल, तुकडे करा. चुकीच्या माणसाकडे असेल, दुसऱ्याला द्या. खरं तर कुणालाच ते महत्त्वाचं वाटत नसेल, तर यादीतून खोडून टाका.

यादीत मालकाचं नावही हवं, आणि त्याच्या कामाबद्दलही त्याच सुरात विचारलं जायला हवं. मालकाची तीन कामं लटकलेली असताना त्याने दुसऱ्याच्या एका कामावरून सुनावलं, तर ही यादी फार दिवस टिकत नाही.

काही जण ऑनलाइन असतील तेव्हा

दोन-चार जण खोलीत आणि एक-दोघं फोनवर, ही सर्वांत वाईट रचना. खोलीतले आपापसांत बोलतात आणि फोनवरच्याला कुजबुज ऐकू येते. एक जण जरी बाहेर असला तरी शक्य असेल तर सगळ्यांनी आपापल्या फोनवरून किंवा संगणकावरून जोडून घ्या. ते जमत नसेल तर प्रत्येक प्रश्नावर पहिली संधी बाहेरच्या माणसाला द्या. नोंद सगळ्यांना दिसेल अशा एका सामायिक फाइलमध्ये लिहा, म्हणजे चुकलं तर तिथेच दिसतं.

सवय लागेपर्यंत

पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न घ्या, २० मिनिटांत संपवा आणि नोंद पाठवा. दुसऱ्या आठवड्यात त्या नोंदीपासून सुरुवात करा. तिसऱ्यापासून आकडे आणा आणि चालवणारा बदला. यादीतली निम्मी कामं वेळेवर होऊ लागली की दुसरा प्रश्न घ्यायला हरकत नाही. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या सगळ्या मीटिंगा एक आठवडा बंद ठेवून पाहा. जिची आठवण कुणालाच झाली नाही, ती पुन्हा सुरू करू नका.

आणि बसवलेली घडी पक्की झाली असं वाटलं की मालकाने एका आठवड्याच्या मीटिंगला जाऊच नये. आदल्या दिवशी दोन गोष्टी लिहून द्याव्यात: किती खर्चापर्यंतचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, आणि कोणता विषय माझ्याशिवाय ठरवायचा नाही. नंतर कुणाला बाजूला घेऊन "काय काय झालं?" असं विचारू नये, आलेली नोंद वाचावी. एखादा निर्णय पटला नाही आणि तो दिलेल्या मर्यादेत असेल, तर तो तसाच चालू द्यावा आणि आपला प्रश्न पुढच्या आठवड्याच्या अजेंड्यात, बाकीच्यांसारखा, आदल्या दुपारपर्यंत पाठवावा.